न दिसणाऱ्या किरणाचा माग

लेझर कटर बिघडला तरी बंद पडत नाही, हीच खरी पंचाईत. बंद पडला असता तर निदान फ्यूज तपासता आला असता. हा मात्र इमानेइतबारे चालत राहतो. कालपर्यंत 3 मिलिमीटरचं प्लायवूड एका फेरीत आरपार कापणारा पठ्ठ्या आज डाव्या कोपऱ्यात व्यवस्थित कापतो आणि उजव्या कोपऱ्यात नुसती तपकिरी रेघ ओढून पुढे जातो.

पहिला संशय येतो किरण तयार करणाऱ्या ट्यूबवर, कारण सगळ्यात महाग तीच. पण ट्यूब थकली असेल तर कापणं सगळीकडेच मंदावेल; कोपऱ्याकोपऱ्यांत दुजाभाव करायचं तिला काही कारण नाही. एक कोपरा कापला जातो आणि दुसरा नाही, म्हणजे ट्यूबमधून निघून आरशांवरून वळत भिंगापर्यंत जाणारा किरणच बहुधा वाटेत भरकटतोय.

आणि तो दिसतही नाही! शास्त्रज्ञ कुमार पटेल यांनी 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला; या कटरमधला लेझर त्याच जातीचा. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या प्रकाशाच्या साधारण पंधरापट. ट्यूबमध्ये जो गुलाबी-जांभळा उजेड दिसतो तो नुसता वायूचा, कापणारा वेगळाच.

मग त्याचा माग काढायचा तो जळक्या खुणांवरून. दुसऱ्या आरशापुढे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा, झाकण लावायचं आणि कमी पॉवरवर क्षणभर किरण सोडायचा. टेपवर करपलेल्या कडेचा एक बारीक ठिपका उमटतो. मग गॅन्ट्री, म्हणजे हा आरसा घेऊन मागेपुढे सरकणारा दांडा, दुसऱ्या टोकाला नेऊन, त्याच टेपवर दुसरा. दोन्ही एकावर एक बसले तर ठीक. शेजारी पडले तर आधीचा आरसा कललाय. आरसा अर्धा अंश कलला की परावर्तित किरण एक अंशाने वळतो, आणि 30 सेंटिमीटरवर पोचेपर्यंत 5 मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. एवढ्यात तो भिंगाच्या कडेला घासतो, नाहीतर भिंग चुकवतोच. जवळच्या कोपऱ्यात सगळं आलबेल आणि लांबच्या कोपऱ्यात बोंब, ती यामुळेच.

आरशामागचे स्क्रू जेमतेम हलवायचे, तेही ट्यूबकडून भिंगाकडे याच क्रमाने. शेवटचा आरसा जुळवून मग पहिल्याला हात लावला, की केलेलं सगळं पाण्यात. त्याआधी आरसे आणि भिंग पुसणं आलंच. धुराची पुटं चढलेलं भिंग किरणाची ताकद स्वतःच पिऊन तापतं, कधी तडकतंही. भिंग परत बसवताना त्याची फुगीर बाजू वर. ट्यूबच्या उच्च दाबाच्या तारांना मात्र हौसेने हात लावू नये. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि पॉवर सप्लायमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ जीव असतो.

एवढं करून ठिपके चारही कोपऱ्यांत एकावर एक पडले आणि रेघ तरीही तपकिरीच राहिली, तर प्लायवूडचा तुकडा अर्धा फिरवून तेच डिझाइन पुन्हा कापावं. न कापलेली जागा तुकड्याबरोबर फिरली, तर यंत्र निर्दोष. प्लायवूडच्या पोटात तिथे गाठ किंवा भरणाचा गोंद आहे. खरं तर ही तपासणी सगळ्यात आधी करायची. पण एकदा स्क्रूड्रायव्हर हातात आला, की ते सुचतं कुणाला!