आमची वाटचाल : लग्नपत्रिका, पुस्तकं आणि पिशवीभर फोटो

लातूरात २००८ ला एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घेऊन डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून द्यायचं दुकान टाकलं तेव्हा पुस्तकं छापू असं डोक्यात पण नव्हतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. लगीनसराई संपली की माशा मारायच्या.

पहिलं पुस्तक आलं २०१३ ला, एका रिटायर गुरुजींच्या आठवणी, पदरचे पैसे घालून ३०० कॉपी काढणार होते. मजकुराची वही दिली आणि सोबत कॅरीबॅगमधे ८४ फोटो, म्हणाले सगळे घ्या. आम्हीपण नवखे, सगळे स्कॅन केले, ब्लॅक अँड व्हाइट केले आन् जिथं जागा दिसंल तिथं टाकले. नशीब की बायंडिंगच्या आधी गुरुजी छापलेले फॉर्म, म्हणजे १६-१६ पानांचे छापील ताव, बघायला आले. एका ग्रुप फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "अरे, यात आमचे दादा कुठंयत?" दादा म्हणजे त्यांचे वडील. खरंच सांगतो, पटका तेवढा दिसत होता, खाली नुसती काजळी.

चूक आमचीच होती. ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकाचा साधा कागद, शाई पितो, फोटो ज्या बारीक ठिपक्यांनी छापतात ते पसरतात, स्क्रीनवर जे ठीक दिसतंय ते कागदावर काळं होतं, त्यामुळं फोटो आधीच थोडा उजळ करून ठेवावा लागतो, हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. तो १६ पानांचा फॉर्म आमच्या खर्चानं परत छापला, त्या महिन्याचं दुकानभाडं त्यातच गेलं.

तेव्हापासून पुस्तकाचं काम आलं की आधी फोटो मागतो, मजकूर नंतर. वॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा म्हणतो, नाहीतर मूळ फोटोच आणून द्या. चार इंच रुंद छापायचा तर ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १२०० पिक्सेल लागतातच, त्याच्या खाली मी हात लावत नाही. रंगीतच पाहिजेत म्हणणाऱ्यांना आर्ट पेपरची, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदाची ८ पानं एकत्र मधे घालायला सांगतो, सगळं पुस्तक रंगीत करण्यापेक्षा लई स्वस्त पडतं. पेपरातलं कात्रण कापून आणलं म्हणून तो फोटो आपला होत नाही, परवानगी घ्या. आणि सत्काराचे फोटो! शाल, नारळ, हार, बाजूला पुढारी. प्रत्येकाकडं वीस तरी असतात, मी एक ठेवतो आणि भांडण करून बाकीचे वापस करतो.

पण एक फोटो असा आला की मीच हट्ट केला. २०१८ मधे किल्लारीकडचे एक काका आले, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपावर लिहिलेलं घेऊन. पडलेल्या घरांचे फोटो म्हणजे सगळी पेपरातली कात्रणं, ती मोठी केली की नुसते ठिपके. घरचा म्हणून एकच होता, त्यांच्या लग्नाचा. अंगणात नवरानवरी, मागं दगडमातीची जाड भिंत, वर माळवद, कोपऱ्यात एक मोडकी बाज उभी करून ठेवलेली.

काका म्हणाले, "आम्ही दोघंच ठेवा, मागचं काप्पून टाका, ती बाज बरी दिसत नाही."

मी म्हणलं, "काका, तुमच्या तीनशे पानांत ते घर पडतंय, पण उभं असलेलं एकदापण दिसत नाही. हे एवढंच आहे."

ते चष्मा काढून लई वेळ बघत बसले. मग म्हणाले, "मायची बाज हाय ती."

आम्ही तो फोटो न कापता अख्ख्या पानावर आडवा घेतला. खाली ओळ त्यांनीच लिहून दिली, डावीकडून कोण कोण उभं आहे ती नावं, त्यातली जी माणसं त्या रात्री गेली त्यांच्यापुढं फुली, आणि सगळ्यात शेवटी, "कोपऱ्यात मायची बाज."