शेवटची एसटी किती वाजता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हा प्रश्न हसून टाळते. लोकांनी तो मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय, निवृत्तीच्या समारंभात तर एकांनी व्यासपीठावरून विचारला. "मॅडम, तुम्ही तीन जिल्ह्यांत खो-खोचे संघ घडवलेत. खरं सांगा, कुठल्या जिल्ह्यातल्या मुली सरस?" २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत आपण जिंकलो, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून तर जरा जास्तच विचारतात.

गंमत अशी की विचारणाऱ्याकडे उत्तर आधीच असतं. सातारकराला सातारा ऐकायचं असतं. मराठवाड्यातला माणूस धाराशिवच्या सारिका काळेचं नाव काढतो. तिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, म्हणजे वाद मिटला. तिसरा कुणी माण तालुक्यातल्या ललिता बाबरवर येतो, रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली ती. आणि मग ठरलेलं वाक्य येतंच, "दुष्काळी मुलखातली पोरं काटकच असतात." या 'काटक'चा मला राग आहे. ज्या मुलींना मी सुरुवातीला काटक म्हणायचे, त्यातल्या निम्म्या सकाळी काही न खाता आलेल्या असायच्या, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

माझं उत्तर हवंच असेल तर ते असं. ज्या गावातून शेवटची एसटी उशिरा सुटते, त्या गावातल्या मुली सरस.

मी १९९१ साली बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, घेऊन एका शिक्षणसंस्थेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागले. शाखा अनेक जिल्ह्यांत, त्यामुळे बदली म्हणजे मुलूखच बदलायचा. आधी फलटणजवळचं एक गाव, २००३ ला बीड जिल्ह्यातला डोंगरपट्टा, २०११ ला कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याच्या आतलं एक खेडं, आणि शेवटची सात वर्षं पुन्हा सातारा जिल्हा, तेच पहिलं गाव. फलटणजवळ शाळा पाचला सुटायची आणि आजूबाजूच्या वाड्यांना जाणारी शेवटची गाडी सव्वासातला होती. म्हणजे रोज दोन तास. बीडला शेवटची गाडी पाच वीसला. मुलगी दप्तर आवरून फाट्यावर जाईपर्यंत धूळ उडवत गेलेली असायची. आता तुम्हीच हिशोब करा, वर्षाकाठी किती तासांचा फरक पडला.

फलटणला मी लागले तेव्हा मला वाटायचं, आपण फार हुशार प्रशिक्षक आहोत. जिल्हा जिंकायचो, विभागाला जायचो, दोनदा राज्यस्तरावर खेळलो. खरं तर मी शिट्टी वाजवत होते. मैदान माझ्या आधीच्या सरांनी पंधरा वर्षं माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून बनवलेलं. सूर मारला तरी गुडघा फुटायचा नाही. नववीतली मुलगी सातवीतलीला खांबावर झेप घ्यायला शिकवायची, मला सांगावंसुद्धा लागायचं नाही. कित्येकींच्या आया स्वतः शाळेत खेळलेल्या. आणि तालुक्यात इतके तगडे संघ होते की तालुका जिंकला की जिल्ह्याचं निम्मं काम झालेलं असायचं. अशा ठिकाणी वाईट प्रशिक्षक व्हायलाच मेहनत लागते.

दिवाळीनंतर मैदानाच्या पलीकडे, कालव्याच्या कडेने ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडायच्या. तिथली पोरं तारेच्या कुंपणाला धरून आमचा सराव बघत उभी असायची. आमच्या मुली त्यांना हुसकावायच्या. मी कधी काही बोलले नाही. बोलायचं असतं हेच सुचलं नाही. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ता सांगून ठेवते.

बीडला हजर झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मैदान दाखवलं. उतार होता, काळी माती होती, आणि मधोमध एक बाभूळ. पावसाळ्यात त्या मातीत पाय रुतायचे, उन्हाळ्यात भेगांत अडकायचे. पहिल्या वर्षी खेळ राहिला बाजूला, आम्ही दगड वेचले. गावातल्या सुताराने बाभळीचेच दोन खांब तासून दिले. नियमात खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंटीमीटर लागतो आणि गुळगुळीत लागतो. उंची बरोबर आली, गुळगुळीतपणा मुलींच्या तळहातांनी दोन वर्षांत आणला.

कागदांचं निराळंच. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात आणि जन्मतारखेवर सगळं ठरतं. माझ्या वर्गात पन्नासातल्या तिसाची जन्मतारीख १ जून. पहिलीत नाव घालायला आजा घेऊन आला, गुरुजींनी पोरीकडे बघून साल ठरवलं, दिवस शाळा सुरू व्हायच्या महिन्याचा. एक मुलगी अशी होती की उभी राहिली तर माझ्या कोपराएवढी, पण गुरुजींच्या कृपेने कागदावर सोळा वर्षांची. तिला सतराखालच्या गटात धिप्पाड मुलींसमोर उतरवावं लागलं. तिने पहिल्या डावात चार मिनिटं एकटीने काढली. काय हूल द्यायची! पंचसुद्धा हसले.

हाफ पँटवरून झालेली भांडणं सांगत बसत नाही. ट्रॅक पँटवर तडजोड झाली, आणि पुढे मुलींनीच ती गुडघ्यापर्यंत दुमडायला सुरुवात केली.

२००६ ला आम्ही जिल्हा जिंकला. ज्या शाळेचं नाव जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात कुणाला माहीत नव्हतं, तिने अंतिम सामना एक डाव राखून मारला. गावात हलगी वाजली. विभागीय स्पर्धा नोव्हेंबरात होती. आणि दसरा झाला तशा ट्रक लागायला लागल्या. कोयता निघाला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उन्हाळ्यातच उचल घेतलेली, ती फेडायची तर पाच-सहा महिने ऊस तोडायचा. बारा मुलींतल्या चार गेल्या. त्यात माझी कर्णधार.

तिच्या आजीला विचारलं, कुठल्या कारखान्यावर? म्हातारी म्हणाली, "फलटणकडं हाय जणू."

मी रविवार धरून एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि निघाले. नगर, दौंड, बारामती, फलटण. संध्याकाळी पोचले तर कालव्याची तीच कड. कोप्या तशाच, कुंपण तेच. कर्णधार कडेवर भाऊ घेऊन चुलीपाशी बसलेली. मला बघून आधी लाजली, मग पदर नसताना पदर सावरल्यासारखं काहीतरी केलं. तिच्या आईने कोरा चहा दिला. वडील चांगला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, न्या की. पर आम्ही फडात गेल्यावर हे लेकरू कोण धरंल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बोलत राहिले, प्रमाणपत्र, दहावीला सवलतीचे गुण, पुढे पोलीस भरती, आणि पलीकडून माझ्याच जुन्या शाळेच्या शिट्टीचा आवाज येत होता. बारा वर्षं मी ती शिट्टी आतल्या बाजूने वाजवली होती.

निघताना कर्णधाराने विचारलं, "मॅडम, पहिल्या तुकडीत माझ्या जागी कोण?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "ती उजवीकडं वळताना मागं बघत नाही. सांगा तिला." मी ते घोकत परत आले आणि त्या मुलीकडून आठवडाभर उजवीकडचं वळण घोटून घेतलं. विभागाला ती वळणावर नाही, खांबाजवळ बाद झाली. आम्ही दोन गुणांनी हरलो.

त्यानंतर मी जे केलं ते मला फारसं भूषणावह वाटत नाही. पुढच्या जुलैत संघ निवडताना मी पहिला प्रश्न विचारला, "दिवाळीनंतर गावात कोण कोण आहे?" ज्यांनी हात वर केले त्यांच्यातून संघ झाला. वेगवान मुली बाहेर बसल्या. विभागीय स्पर्धेच्या दिवसांपर्यंत संघ शाबूत राहिला एवढंच, पण जिल्ह्यातच हरलो म्हणून विभागाचा प्रश्न आलाच नाही. हे असं चालणार नाही हे कळल्यावर आम्ही आज्यांची सभा घेतली. हसू नका. नागपंचमीच्या सुमारास, शाळेच्या ओसरीवर, गूळ-शेंगदाणे ठेवून. कारण मुलगी मागे राहणार म्हणजे आजीकडे राहणार. आजीला रात्री एकटीने तरुण नात सांभाळायची भीती वाटते, ती कुणी विचारतच नाही. ऊसतोडवाल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना होती, पण ते उघडेपर्यंत ट्रक गेलेल्या असायच्या. मग तीन-चार नाती एका आजीकडे अशी वाटणी आज्यांनीच केली. धाकट्या भावंडांचं काय, हा प्रश्न मात्र कुठल्याच सभेत सुटला नाही. ज्या घरात कडेवरचं लेकरू होतं त्या घरची मुलगी जायचीच. सरावसुद्धा आम्ही सकाळी सातला आणला, एसटीच्या नादी लागणं सोडून. नंतर दोनदा विभाग खेळलो. राज्य नाही.

कोकणात गेले तेव्हा मला वाटलं, आता वेळेची ददात मिटली. तिथे वस्तीची गाडी होती, संध्याकाळी यायची ती रात्री गावातच मुक्काम करून सकाळी परत. एसटी हाताशी होती, पण मुलीच नव्हत्या. शाळेचा सगळा पट ७४. आठवी ते दहावीच्या जेवढ्या मुली धावू शकत होत्या तेवढ्या घेतल्या की संघ व्हायचा, निवड कसली करता? एकीला ताप आला तर राखीव खेळाडू कमी. मैदान जांभ्या दगडाचं, खांबासाठी खड्डा खणायला पहारीने दोन दिवस. जुलैत लावणी, ऑगस्टमध्ये धो-धो पाऊस, मग गणपती, आणि तालुक्याच्या स्पर्धा नेमक्या याच दिवसांच्या आसपास. मी व्हरांड्यात चिंचोके मांडून साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी, पळायला शिकवलं. एक चिंचोका म्हणजे पळणारी, आठ म्हणजे बसलेल्या. मुलींना ते इतकं पाठ झालं की कागदावर आम्हाला कुणी हरवू शकलं नसतं.

आणि तिथे तालुक्यात मुलींचे संघ आले दोन. एक सामना जिंकून आम्ही जिल्ह्याला गेलो. फलटणला सहा-सात सामने मारल्याशिवाय जिथे पोचता येत नव्हतं, तिथे आम्ही दुपारच्या जेवणाआधी पोचलो. प्रमाणपत्र मात्र दोन्हीकडे एकाच छापाचं. गणपतीला आलेल्या मुंबईकर काकांनी मिळून बूट घेऊन दिले, हे विसरले तर त्या मुली मला माफ करणार नाहीत. बूट कबड्डीचे होते, पण असो. कोकणात काकांना खेळ म्हटलं की कबड्डीच दिसते.

मुली मला फलटणला बाई म्हणायच्या, बीडला मॅडम, लांज्याला पुन्हा बाई. फरक विचाराल तर मला एवढाच ठामपणे सांगता येईल. बाकी पायांत, फुप्फुसांत, जिद्दीत जिल्हा दिसत नाही. जिल्हा दिसतो तो मैदानाच्या मातीत, गाडीच्या वेळेत, नोव्हेंबरात घरी कोण आहे त्यात. पीटीचा तास गणिताला देणारे मुख्याध्यापक सगळीकडे सारखे.

२०१७ ला फलटणजवळ परत आले. मैदानावर आता मॅट अंथरायची भाषा चालू होती, शेवटची सव्वासातची गाडी बंद झाली होती आणि मुली वडिलांच्या मोटरसायकलवर जायच्या. कोप्या तिथेच. दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात मी कुंपणाचं फाटक उघडून ठेवायला सांगितलं. एकीने विचारलं, "बाई, ती पोरं आत येतील की." म्हटलं, येऊ देत.

त्या हंगामात कोप्यांवरची एक मुलगी आत आली. तेरा-चौदाची असेल. चपला कुंपणापाशी काढून ठेवल्या आणि अनवाणी धावली. तेहतीस वर्षांत मी इतकी वेगवान पळती बघितली नाही, आणि हे मी माझ्या राज्यस्तरावर खेळलेल्या मुलींना ओळखून बोलते आहे. आठ-आठ मिनिटं कुणाला सापडायची नाही. मूळची बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारकडची. तिकडच्या शाळेच्या पटावर नाव होतं, पण स्पर्धांच्या दिवसांत ती तिथे नसायची. आमच्याकडे असायची, पण पटावर नाव नाही, म्हणून आमच्या संघातून उतरवता येत नव्हती. मध्येच दाखला काढून आणा म्हटलं, तर तिच्या वडिलांनी विचारलं, "आन् मार्चात परत काढायचा का?"

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, ट्रक भरली, ती गेली. पुढच्या वर्षी त्या कोपीत दुसरं कुटुंब आलं. तुमच्या यादीत तिला कुठल्या जिल्ह्याखाली लिहू, ते आधी सांगा, मग सरस कोण ते मी सांगते.