वकिलांच्या पैशातून उभं राहिलेलं सायन्स कॉलेज

कोलकात्याला जाणारे आपले लोक व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर, हावडा ब्रिज करून परत येतात. राजाबाजारला कुणी मुद्दाम जात नाही. सियालदा स्टेशनातून बाहेर पडून आचार्य प्रफुल्लचंद्र रोडने उत्तरेकडे चालत सुटलं की गॅरेजं, ठेले, बसची धक्काबुक्की हे सगळं पार करत ९२ नंबरचं फाटक येतं. कलकत्ता विद्यापीठाचं सायन्स कॉलेज.

“कोथाय जाबेन, दादा?” रखवालदाराने विचारलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदी-बंगालीत “पी. सी. राय” म्हटलं. त्याने वहीत नाव लिहून घेतलं आणि हातानेच आतली दिशा दाखवली.

या वास्तूची गंमत अशी की ती उभी केली वकिलांनी. कुलगुरू आशुतोष मुखर्जी स्वतः हायकोर्टाचे न्यायाधीश, पिंड मात्र गणितज्ञाचा. पदव्युत्तर विज्ञान विद्यापीठातच शिकवलं जावं ही त्यांची जिद्द, आणि सरकार काही हात सैल सोडेना. तेव्हा बॅरिस्टर तारकनाथ पालित पुढे आले. १९१२मध्ये त्यांनी रोख आणि मालमत्ता मिळून सुमारे १५ लाखांची देणगी दिली. हा रस्ता तेव्हाचा अप्पर सर्क्युलर रोड. कॉलेजची ही जागाही त्यांचीच. पुढच्याच वर्षी दुसरे नामांकित वकील रासबिहारी घोष यांनी १० लाख दिले. दोघांच्या दानपत्रांत एक अट होती: या पैशातून नेमले जाणारे प्राध्यापक भारतीयच असले पाहिजेत. सरकारी कॉलेजांत वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखल्यासारख्या असण्याचा तो काळ. त्यामुळे मला तरी ही अट देणगीच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

२७ मार्च १९१४ रोजी आशुतोषबाबूंनी पायाभरणी केली. त्याच महिनाअखेरीस त्यांची कुलगुरुपदाची मुदत संपत होती, म्हणजे माणसाने जाता जाता काम उरकून घेतलं! पालित त्याच वर्षी वारले. इमारत नांदती झालेली त्यांना बघायला मिळाली नाही.

आत शिरल्यावर व्हरांड्यात रसायनांचा तो ओळखीचा, नाकात बसणारा वास येतो. भिंतीला टेकून कपाटं, त्यांत जुन्या काचेच्या बरण्या. बाहेर सूचनाफलकावर परीक्षेचं वेळापत्रक आणि त्याखाली घोळका करून वैतागलेली मुलं. हे कॉलेज चालू आहे. त्याचं स्मारक केलेलं नाही, हे मला बरं वाटलं.

१९१६च्या सुमारास इथे वर्ग सुरू झाले तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. घोष अध्यासनावर, म्हणजे रासबिहारींच्या देणगीतून काढलेल्या प्राध्यापकपदावर, नेमलेले देवेंद्रमोहन बोस बर्लिनला शिकायला गेले आणि तिथेच अडकले. जर्मनीहून नवी पुस्तकं, उपकरणं येणं बंद. आणि शिकवायला कोण? विशीतले दोन लेक्चरर, सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा. नवं भौतिकशास्त्र त्यांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं. शिवपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ब्रूल नावाचे प्राध्यापक होते, त्यांच्याकडून जर्मन पुस्तकं मागून आणायची, स्वतः वाचायची आणि मग वर्गात शिकवायची. यातूनच १९२०मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचा इंग्रजी अनुवाद विद्यापीठातर्फे छापला. साहांचा सूर्याच्या वर्णावरणातील (सूर्याच्या वातावरणाच्या एका थरातील) आयनीभवनावरचा, म्हणजे तिथल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटण्यावरचा, निबंधही त्याच वर्षीचा.

भौतिकशास्त्राच्या पालित अध्यासनासाठी आशुतोषबाबूंची नजर गेली ती वित्त खात्यातल्या एका अधिकाऱ्यावर. चंद्रशेखर वेंकट रामन. दिवसा सरकारी हिशेब, सकाळ-संध्याकाळ बहुबाजारातल्या एका विज्ञानसंस्थेत प्रयोग. पण प्राध्यापकाने परदेशात प्रशिक्षण घेतलेलं असावं असा नियम आडवा आला. रामन यांनी साफ सांगितलं, मी जाणार नाही. शेवटी नियमच वाकवला. १९१७मध्ये ते रुजू झाले, तेही जवळजवळ निम्म्या पगारावर.

मी ज्यांचं नाव सांगून आत आलो, त्या प्रफुल्लचंद्र राय यांच्याबद्दल थोडं. प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर १९१६मध्ये ते इथे रसायनशास्त्राचे पालित प्राध्यापक झाले. लग्न केलेलं नाही, घर नाही. याच इमारतीतल्या एका खोलीत राहायचे, विद्यार्थी सोबतीला. बंगाल केमिकल्स हा कारखाना काढणारा हा माणूस साठीनंतर आपला पगार विद्यापीठालाच परत देत असे. १६ जून १९४४ रोजी ते गेले तेही इथेच.

मधल्या काळात अलाहाबादला गेलेले साहा १९३८मध्ये पालित प्राध्यापक होऊन परतले आणि त्यांनी सायक्लोट्रॉनचा, म्हणजे अणूच्या अभ्यासासाठी कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचा, घाट घातला. अमेरिकेहून चुंबकाचे भाग पोहोचले; निर्वात पंप घेऊन येणारं जहाज मात्र जपान्यांनी बुडवलं. तरी ते थांबले नाहीत. ११ जानेवारी १९५० रोजी याच आवारात मेरी क्युरींची शास्त्रज्ञ मुलगी इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते साहांच्या अणुभौतिकी संस्थेचं उद्घाटन झालं.

शेजारीच जगदीशचंद्रांचं बोस इन्स्टिट्यूट आहे, तेही बाहेरून बघून घ्यावं. मग पाय दुखत नसतील तर बहुबाजारापर्यंत चालत जा. रामन परिणाम ज्या २१० नंबरच्या जागी सापडला, तिथली संस्था कधीच जादवपूरला गेली. हिशेबखात्यातून पळालेल्या माणसाच्या त्या पत्त्यावर आता कॉमर्स कॉलेज आहे.