सातव्या विषयाला अनुमोदक

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेतला सातवा विषय सरपंचांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला होता: "चालू आर्थिक वर्षातील सर्व विकासकामांची ठेकेदार निवड, देयके अदा करणे व अनुषंगिक कार्यवाहीचे सर्वाधिकार मा. सरपंच यांना देणेबाबत." गाव खटाव तालुक्यातलं, नाव लिहीत नाही. तिथं मी ग्रामपंचायत अधिकारी आहे. २०२४ पर्यंत या पदाला ग्रामसेवक म्हणायचे, गावात मात्र तेव्हाही भाऊसाहेब आणि आताही भाऊसाहेब.

असं वाक्य कुठल्याही ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, सापडेल, पण ते एका कामापुरतं असतं. पाझर तलावाचा गाळ काढायचाय, पत्रव्यवहाराचे अधिकार सरपंचांना, विषय संपला. इथं सगळं वर्ष आणि सगळी बिलं एकाच ओळीत घातली होती. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३८ नुसार पंचायतीची कार्यकारी सत्ता सरपंचाकडे असते, पण ती पंचायतीनं केलेले ठराव अमलात आणण्यासाठी. ठरावच नको, नुसती अंमलबजावणी, असा अर्थ त्यातून निघत नाही. मी तशी टिपणी लिहून फाइलला लावली. सरपंच म्हणाले, "विषय ठेवा, गाव बघून घेईल."

हा विषय सदस्यांच्या मासिक सभेत न ठेवता ग्रामसभेत का ठेवला, तर मासिक सभेत त्यांच्याच पॅनेलचे सदस्य चुळबुळ करायला लागले होते. नऊपैकी सात सदस्य त्यांचे. तरी त्यांना ऐकवलं जायचं, "तुमी वॉर्डातनं आलाय, मला सगळ्या गावानं निवडलंय." गावानं थेट निवडायचा सरपंच २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. मुंबईत बसून कायदा फिरवणाऱ्यांना या एका वाक्याचा मासिक सभेवर काय परिणाम होतो, ते कधी ऐकायला मिळालं नसावं.

खरी नाडी बिलात असते. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) निधी ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. काम आधी गावाच्या आराखड्यात हवं आणि तो आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेला हवा. मग पंचायत समितीच्या अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, काम, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, मूल्यांकन आणि मासिक सभेत बिलाला मंजुरी. पैसे चेकनं जात नाहीत. माझ्या डिजिटल सहीनं मी पोर्टलवर बिल तयार करतो, सरपंच त्यांच्या सहीनं ते मंजूर करतात. ही सही ज्यात असते ते यूएसबी टोकन दोघांचं वेगळं, पिन वेगळे. एक माणूस घसरला तर दुसऱ्यानं अडवावं, हा त्यातला हेतू. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी दोन्ही टोकन संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असतात आणि पिन कागदावर लिहून टोकनला चिकटवलेले. तपासणीला येणारे साहेब रोकडवहीची बेरीज दोनदा बघतात, ड्रॉवर उघडून बघत नाहीत. आमच्या सरपंचांनी आधी स्वतःचं टोकन घरी नेलं, त्यात काही गैर नाही. पुढं माझंही मागितलं. मी दिलं नाही. त्यानंतर हा सातवा विषय आला.

विरोधी गटानं पंचायत समितीत दोन अर्ज टाकले होते. विरोधकाचा अर्ज म्हणजे राजकारण, असं धरूनच वरचं कार्यालय तो वाचतं आणि "नियमोचित कार्यवाही करावी" असा शेरा मारून माझ्याकडेच परत पाठवतं. मला विचार करायला लावलं ते दुसऱ्या लोकांनी. ज्यांनी निवडणुकीत घरची जीप फिरवली आणि निकालादिवशी गुलाल उधळला, ती माणसं एकेकटी कार्यालयात यायला लागली. निमित्त उताऱ्याचं किंवा दाखल्याचं. उठता उठता प्रश्न: "गाळ्यांचा लिलाव झालाय का हो, का तसंच दिलेत?" किंवा, "त्या रस्त्याच्या कामाचं एकाचं दोन केलंय म्हणत्यात, खरं का?" लेखी अर्ज द्या म्हटलं की, "न्हाय न्हाय, आपलाच माणूस हाय."

त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. या सरपंचानं काम केलेलं आहे. जलजीवनमध्ये माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबानं टाकी बसवून घेतली, वर्षानुवर्षं रखडलेली पाइपलाइन पुरी केली, ठेकेदाराच्या मागं स्वतः फिरला. त्याला पाडायचं कुणाच्याच मनात नव्हतं. कायद्यात वाट आहे ती पाडायचीच. कलम ३५ खाली अविश्वास आणायचा तर सदस्यांची तहसीलदारांना नोटीस, तीन चतुर्थांश बहुमत, आणि सरपंच थेट निवडून आलेला असेल तर वर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान. निवडीनंतरची पहिली दोन वर्षं तर तेही नाही. या लोकांना माणूस ठेवायचा होता, फक्त आवरायचा होता, आणि त्यासाठी वेगळं कलम नाही.

मधेच नळाचं प्रकरण झालं. विरोधी भावकीतल्या एका बाईचा नळ थकबाकीसाठी तोडला. वसुलीला क्रम आहे: आधी मागणीचं बिल, मग मागणीचा हुकूम, मग जप्ती. इथं बिलानंतर थेट पान्हा. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला तोंडी आदेश होता आणि तोंडी आदेशाला जावक क्रमांक नसतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती रजिस्टरवरच होते. आमच्याकडे या वेळी खरोखर झाली, आणि तिथं सरपंचांच्या पॅनेलकडून निवडून आलेली सदस्याच बोलली: "पट्टी बाप्याच्या नावावर, हंडा बाईच्या डोक्यावर. नळ जोडा, मग वसुली करा." मी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.

ग्रामसभेत विषय मुरवायची जुनी युक्ती गणपूर्तीची. १५ टक्के मतदार किंवा १००, यातला जो आकडा कमी तो लागतो. गाव सोळा-सतराशे मतदारांचं, म्हणजे शंभर. शंभर जमू द्यायचे नाहीत, सभा तहकूब करायची आणि तहकूब सभा घ्यायची. तिला गणपूर्तीची अट नाही, दहा माणसांत हवं ते मंजूर होतं. त्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं मंडपात सह्या घेतल्या तर शंभराच्या वर गेल्या. सही करून चहाला सटकणारे नेहमीचे लोकही बसून राहिले. सरपंचांना वाटलं, आपलीच माणसं आलीत. ती त्यांचीच होती.

सहा विषय भराभर झाले. सातवा मी वाचला आणि प्रथेप्रमाणे विचारलं, "सूचक?" सरपंचांच्या चुलतभावानं हात वर केला. "अनुमोदक?" कुणी बोललं नाही. सरपंचांनी पहिल्या रांगेकडं बघितलं. तिथं पॅनेलचे जुने जाणते आबा बसले होते, निवडणुकीचा अर्ज भरताना सरपंचांचे सूचक तेच होते. आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "भाऊसाहेब, त्याच्या आदी थकबाकीची यादी वाचा. माझंबी नाव हाय त्यात, गाळू नका."

विषयपत्रिकेत थकबाकी होती, पण दहाव्या क्रमांकावर. सरपंच म्हणाले, "ते नंतर घेऊ, आबा." मागून दोघं-तिघं म्हणाले, आत्ताच घ्या. सभेनं क्रम बदलायला संमती दिली आणि मी नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, उघडला. नळ तोडलेल्या बाईची बाकी यादीत बरीच खाली होती. आबांची तिच्या दुपटीच्या वर, चुलतभावाची त्याहून जास्त. मी नाव आणि रक्कम एवढंच वाचत गेलो. आबांचं नाव आलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर हाय. आता माझा नळ तोडा, न्हायतर तिचा जोडा." मग सरपंचांना, आवाज न चढवता: "दादा, तुमच्यावर भरवसा हाय. पर ह्यो कागद तुमच्यामागनं जो कोण येईल त्येच्याबी हातात जाणार. त्यो आमी करून देत न्हाय."

विरोधी गटातल्या एकानं टाळ्या वाजवल्या, त्याला आबांनीच गप्प बसवलं.

सभा संपल्यावर सरपंचांचं म्हणणं, "चर्चेअंती विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले" असं लिहा. तसं ठरलेलं नव्हतं. मी लिहिलं: "सूचक मिळाले, अनुमोदक न मिळाल्याने ठराव मांडला गेला नाही." चित्रीकरण होतं, त्यामुळे वाद लांबला नाही. त्यांनी सही केली, पण तारीख घातली नाही, ती पुढं घालून घ्यावी लागली. बाईचा नळ जोडला गेला. पान्हा त्याच कर्मचाऱ्याच्या हातात होता आणि आदेश पुन्हा तोंडीच.

मला अजून उलगडत नाही ते हे, की विरोधकांच्या दोन अर्जांनी जे झालं नाही ते एका समर्थकानं केलं, तेही स्वतःची थकबाकी चारचौघांत वाचून घेऊन. आबांची बाकी नसती तर त्यांना ते इतकं जमलं असतं का, कोण जाणे. पुढच्या गावात असा आबा असेलच असं नाही, आणि पोर्टलला टोकन कुणाच्या हातात आहे ते कळत नाही.

सरपंचांशी बोलणं नीट आहे. टोकन पुन्हा मागितलेलं नाही. येत्या मासिक सभेसाठी त्यांनी नवा विषय दिलाय: "तातडीच्या किरकोळ कामांचे अधिकार सरपंच यांना देणे." किरकोळ म्हणजे किती रुपयांपर्यंत, असं विचारलं, तर म्हणाले, रकमेची जागा मोकळी ठेवा, सभेत भरू. मोकळ्या जागेची नोटीस काढता येत नाही, हे मी त्यांना लेखी कळवलंय. नोटीस सभेच्या तीन पूर्ण दिवस आधी सदस्यांच्या हातात पडायला हवी. पॅनेलमधले दोन सदस्य ती आली का म्हणून आत्तापासूनच विचारून जातायत.