थव्याचं सिम्युलेशन: मोठ्या बॉक्समध्ये पट्टे दिसले!

मोठा बॉक्स (थव्यातले कण फिरतात ती चौकोनी जागा) एकदाचा चालला आणि पट्टे दिसले, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, थवा कसा बनतो याचं हे तमाश विचेक आणि सहकाऱ्यांचं १९९५ चं मॉडेल आहे. प्रत्येक कण एकाच वेगाने चालतो, दर स्टेपला ठराविक त्रिज्येतल्या शेजाऱ्यांची सरासरी दिशा पकडतो, त्यात थोडा नॉइज (रँडम चूक) मिसळतो, बस्स. म्होरक्या कुणी नाही, टक्कर टाळायचा नियमही नाही (तो रेनॉल्ड्सच्या १९८७ च्या बॉइड्स या थव्याच्या मॉडेलमध्ये आहे). मोजायचा तो ऑर्डर पॅरामीटर: १ च्या जवळ असेल तर सगळे एका दिशेला, ० च्या जवळ असेल तर पांगापांग.

लहान बॉक्समध्ये नॉइज वाढवत नेला की हा आकडा हळूहळू उतरतो, ग्राफ एकदम गुळगुळीत. पण २००४ मध्ये ग्रेग्वार आणि शाते यांनी दाखवलं की बॉक्स पुरेसा मोठा केला की तिथे उडी असते, म्हणजे आकडा एकदम कोसळतो. म्हणून घनता २, त्रिज्या १, वेग ०.५, बाजू १२८ घेतली, म्हणजे ३२,७६८ कण. एवढ्यांची अंतरं जोडीजोडीने मोजणं परवडत नाही, त्रिज्येएवढ्या चौकोनांचं ग्रिड केलं की प्रत्येकाला फक्त ९ चौकोन बघावे लागतात.

नॉइज कुठे टाकता याने खूप फरक पडतो. विचेकमध्ये शेजाऱ्यांची सरासरी बरोबर निघते आणि वळताना चूक होते, २००४ च्या प्रकारात शेजारी बघतानाच चूक होते, आणि या दुसऱ्या प्रकारात पट्टे बरेच लहान बॉक्समध्येही दिसतात. मी तोच वापरला.

आणि काय दिसतं! ज्या नॉइजला थवा मोडतो त्या उंबरठ्याजवळ दाट पट्टा तयार होतो, फौजेच्या आडव्या रांगेसारखा पुढे सरकतो, समोरचे विस्कळीत कण गोळा करतो आणि मागून सोडत जातो. कारण साधं आहे, जिथे गर्दी तिथे शेजारी जास्त म्हणून दिशा पक्की, आणि दिशा पक्की म्हणून गर्दी टिकते. माझ्या मते या मॉडेलची खरी मजा इथेच आहे, नुसत्या एका दिशेने चाललेल्या थव्यात नाही.

आता नॉइज आधी वाढवत आणि मग कमी करत नेऊन दोन्ही ग्राफ वेगळे पडतात का ते बघणार, ती उडीचीच खूण. त्यानंतर त्रिज्या काढून टाकून जवळचे ७ शेजारी, कारण रोमच्या स्टार्लिंग पक्ष्यांवरच्या २००८ च्या अभ्यासात प्रत्येक पक्षी अंतर कितीही असलं तरी सरासरी ६-७ शेजाऱ्यांकडेच लक्ष देतो असं निघालं होतं. त्यासाठी हे ग्रिड तितकंसं चालणार नाही, कुणी केडी-ट्री (जवळचे शेजारी पटकन शोधायची रचना) पीरिऑडिक बाउंड्रीसकट (एका कडेने बाहेर गेलेला कण समोरच्या कडेने आत येतो) लिहिलं असेल तर सांगा.