नवव्या दिवशी वास आला

गुरुवार, रात्रीचे पावणेदहा

आज नवव्या दिवशी मला वास आला.

सकाळी केस विंचरत होते. स्वयंपाकघरात मोहरी तडतडली आणि तिच्या मागोमाग हिंग आला. कंगवा हातात तसाच घेऊन ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. आई म्हणाल्या, "अगं, काय झालं?" म्हटलं, "वास आला." त्यांनी फोडणीचं कढलं जरासं माझ्याकडे धरलं. हिंगामागून जिरं, मग कढीपत्ता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

साधी सर्दी होती. ताप नव्हता, म्हणून रजाही घेतली नाही. पण तिसऱ्या दिवसापासून ताटातलं काहीतरी नाहीसं झालं. आमटी म्हणजे आंबट-गोड गरम पाणी, गोडा मसाला कुठे गेला कळेना. ठेच्याने आग व्हायची, पण मिरची आणि लसूण लागायचे नाहीत. एकट्या जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (पिकल्या टोमॅटोत लागते तशी भरीव चव) एवढंच समजतं. चावताना घशामागून जो वास नाकाकडे चढतो, तो थांबला की वांगं काय आणि दुधी काय, दोन्हींचा फक्त मऊपणा उरतो.

लिहून ठेवायची गोष्ट पुढची आहे. वाटलं होतं, चव नाही तर जेवण आपोआप कमी होईल. झालं उलटंच. रोजच्यापेक्षा अर्धी भाकरी जास्त जायची. हात धुऊन झाले की मी चिवड्याचा डबा उघडायची, मग शेंगदाण्याचा लाडू, मग परत चिवडा. पोट तट्ट भरलेलं, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

आणि ते राहून गेल्यासारखं वाटणं मला ओळखीचं होतं. सर्दीच्या आधीही ते रोज दुपारी असायचं. ऑफिसात मी डबा उघडते, डाव्या हाताशी फोन उभा करते, आणि दहा-बारा मिनिटांत डबा रिकामा होतो. तीन वाजले की बिस्किटांचा पुडा. मला वाटायचं, डबाच कमी पडतो. दोन पोळ्यांच्या तीन केल्या, तरी पुडा सुटला नाही. नाक उघडं असून मी बंद नाकानेच जेवत होते. समोर भाजी असायची आणि मन दुसऱ्या कुणाच्या तरी सहलीच्या फोटोंत. गेल्या महिन्याभरात डब्यात कोणकोणत्या भाज्या नेल्या, हे आठवायला बसले तर चारच्या पुढे जाता येईना. त्या सगळ्या आईंनी पहाटे उठून चिरलेल्या. याचं मला आज फार वाईट वाटलं.

रात्री फोन बेडरूममध्ये ठेवला आणि जेवायला बसले. मालदांडीची भाकरी (पीठ माहेरचं, मंगळवेढ्याकडच्या ज्वारीचं), मेथीची परतून भाजी, आमटी, ठेचा, कांदा. पहिला घास नुसत्या भाकरीचा घेतला. आधी तव्याचा करपट वास, पापुद्र्याचा खरपूसपणा. चावत राहिले तशी ती गोड होत गेली. पिठातल्या स्टार्चची साखर करायला लाळ तोंडातच सुरुवात करते. ते व्हायच्या आत गिळलं तर ती गोडी भाकरीत असूनही आपल्याला मिळत नाही. मग मेथी. तिचा कडूपणा आधी येत नाही, घास संपता संपता येतो, आणि त्यावर कांदा चावला की लगेच निवतो. इतकी वर्षं हे दोन्ही एका ताटात खाते आहे!

घास मोजले मात्र नाहीत. मागे एकदा बत्तीस वेळा चावायचा नेम केला होता. चौथ्या दिवशी सोडला, कारण मन आकड्यात राहायचं आणि भात गार व्हायचा. चरकसंहितेत जेवणाचे जे नियम आहेत त्यांत फार घाईने जेवू नये असं आहे, तसंच फार रेंगाळतही जेवू नये असं आहे. रेंगाळलं की अन्न गार होतं, तृप्ती होत नाही आणि माणूस जास्त खातो, असं कारणही दिलं आहे. जेवताना बोलू नये, हसू नये, हेही तिथेच आहे. ते मात्र मला आमच्या घरात नको आहे. मन जेवणात असावं, एवढं मी घेतलं.

लेकीला मोबाइलशिवाय जेवण जात नाही. तिच्या हातून तो ओढून घ्यावासा वाटला नाही, आपणच कालपर्यंत तेच करत होतो. नुसतं विचारलं, "डोळे मिटून सांग, आमटीत काय काय आहे?" तिने वाटी नाकाशी नेली. "कढीपत्ता. चिंच." मग बराच वेळ गप्प, आणि, "आजी, तू यात खोबरं भाजून घातलंस?" आई एकदम खुलल्या. कोरडं खोबरं किती भाजायचं, कधी उतरवायचं, सगळं सांगत बसल्या. स्क्रीन केव्हा काळी पडली ते तिच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी ताकभात. ताकाला मीठ आणि किसलेलं आलं. अर्ध्यात जाणवलं की झालं आता. पोट गच्च नव्हतं, पण पुढचा घास नको होता. उरलेले चार घास संपवले, कारण ते पानात वाढून घेतलेले होते. उद्या भात थोडा कमी घ्यायचा.

आता पावणेदहा. चिवड्याचा डबा फडताळात आहे आणि मला त्याची आठवण आत्ता हे लिहिताना झाली. उद्याच्या डब्यासाठी आईंनी गवार मोडून ठेवली आहे, शेंगदाण्याचं कूट घालून करणार आहेत.