व्हीलचेअरवरून गेलेला पोरगा

२०२५ चा पाडवा रविवारी आलेला, ३० मार्चला. गुढी संध्याकाळीच उतरवली, जेवणं झाली, श्रीखंड जरा जास्तच झालं आणि मी न माझा भाचा मोबाईल घेऊन बसलो, मायामी ओपनची फायनल बघायला. जोकोविच विरुद्ध याकुब मेन्शिक. आपल्या टायमाने रात्री साडेबाराला चालू होणार होती, पण कसली चालू होतेय, तिकडं पाऊस. एक वाजला, दोन वाजले, भाचा बसल्या जागी लुडकला, मी पण शेवटी झोपलो. सकाळी सहाला उठून बघतोय तर हे अजून वॉर्म-अपच करायलेत! साडेपाच तास मॅच लांबली. सोमवारी ईदची सुट्टी होती म्हणून बरं, नायतर दुकान उघडायचं सोडून हे बघत बसलोय म्हणून घरात वेगळीच मॅच झाली असती.

आमचे आण्णा (वडील) पहाटे फिरून दूध घेऊन आले ते थेट मागं उभे राहिले. आण्णा जुने पैलवान, टेनिसमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण कुठलाही खेळ चालू असला की अंग बघून बोलतात. "ह्यो उंच पोरगा कुठला गा?" म्हटलं झेक प्रजासत्ताक. "पाय लांब हैत, पर कंबर मजबूत हाय." सहा फूट चार इंच उंची आणि वय १९, समोर ३७ वर्षांचा जोकोविच, शंभरावं टायटल मारायला आलेला. पोरानं दोन्ही सेट टायब्रेकला (६-६ झाल्यावरचा निकाली गेम) नेऊन ७-४, ७-४ ने काढले. काटा किर्र! मॅच झाल्यावर तो जोकोविचला म्हणाला की तुझ्यामुळंच मी टेनिस खेळायला लागलो. आण्णा म्हणाले, "वस्तादालाच घातलं की चितपट." तसं बघितलं तर वस्ताद म्हणणं फार चूक पण नाही, कारण हे पोरगं पंधरा-सोळाचं असताना जोकोविचनंच त्याला स्वतःबरोबर प्रॅक्टिसला बोलावून घेतलं होतं.

पण मला सांगायचंय ते मायामीचं नाही, त्याच्या आधीचं.

जानेवारी २०२२. ऑस्ट्रेलियन ओपनची ज्युनियर फायनल. मेन्शिक १६ चा, समोर अमेरिकेचा ब्रुनो कुझुहारा. मेलबर्नचं ऊन, मॅच चालली ३ तास ४३ मिनिटं, ज्युनियरची मॅच बरं का ही! दोन सेट टायब्रेक, तिसरा ७-५ ने कुझुहाराला. शेवटच्या पॉइंटला मेन्शिकच्या अंगात असे गोळे आले की तो कोर्टवरच आडवा झाला आणि त्याला व्हीलचेअरवरून बाहेर न्यावं लागलं. कुझुहाराच्या हातात कप आणि हे पोरगं चाकाच्या खुर्चीत. त्या दिवशी कुणालाही विचारलं असतं की ह्यातला पुढं कोण जाणार तर काय उत्तर आलं असतं सांगा. आणि आज कुझुहारा चॅलेंजर-बिलेंजर (मेन टूरच्या खालच्या स्पर्धा) करत अजून खालीच झगडतोय. त्याला नावं ठेवायला सांगत नाही हे, तो पण जीव तोडूनच खेळत असणार. पण ज्युनियरचा कप म्हणजे काय आणि काय नाही, ते ह्या दोघांकडं बघून कळतं.

आता माझा भाचा. चौदाचा आहे, टेनिस खेळतो. कोल्हापुरात पोरगं टेनिस खेळतं म्हटलं की अर्धी लोकं विचारतात टेबल टेनिस का? आपल्याकडं कुस्ती आणि फुटबॉल, बाकी सगळं नंतर. २०२२ ला आपली ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेला जाऊन आली तेव्हा मात्र गावभर स्टेटस पडले होते आणि तेव्हापासनं आमच्या ह्यानं रॅकेट सोडलेलं नाही. मागच्या वर्षी एका गावात अंडर-सिक्स्टीन खेळायला घेऊन गेलो, पहिल्याच मॅचला ६-०, ६-१ ने हरला. येताना गाडीत कराडपर्यंत एक शब्द नाही. ताईनं फोनवर विचारलं काय झालं, तर म्हणतो, नेटवर्क नाही.

मी तेव्हा त्याला मेन्शिकची दुसरी एक मॅच सांगितली. २०२३ चं यूएस ओपन. क्वालिफाय होऊन आत आला, दोन राउंड मारले, तिसऱ्या राउंडला समोर अमेरिकेचा टेलर फ्रिट्झ. तारीख १ सप्टेंबर, म्हणजे नेमका पोराचा १८ वा वाढदिवस. स्कोअर काय? ६-१, ६-२, ६-०. तीन सेटमध्ये मिळून तीन गेम! वाढदिवसाला ह्याहून वाईट गिफ्ट काय असतंय. आणि मग मायामीत सेमीफायनलला तोच फ्रिट्झ परत समोर आला तर ७-६, ४-६, ७-६ ने पोरगा जिंकला. मधे गेलं दीड वर्ष. त्या दीड वर्षात २०२४ ला दोहाला वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या थेट एंट्रीवर) जाऊन अँडी मरेला हरवलं, रुब्लेवला हरवलं आणि फायनलला खाचानोवकडून हरला, पहिला सेटच टायब्रेकला १४-१२ असा ओढला होता. मग शांघायला जोकोविचकडून पहिला सेट घेऊन हरला. म्हणजे बघा, हरतच आला की तो. फक्त दर वेळी जरा वरच्या माणसाकडून हरत आला.

ज्युनियरचं रँकिंग वेगळं असतं हे पण लोकांना माहीत नसतं. ज्युनियरमध्ये कितीही वर असला तरी प्रोमध्ये गेल्यावर जवळपास शून्यातनं सुरुवात. तळाला त्या १५ हजार डॉलरवाल्या स्पर्धा, आणि ते १५ हजार विजेत्याला नाहीत बरं, आख्ख्या स्पर्धेत सगळ्यांना मिळून. पहिल्या राउंडला हरलं तर हॉटेलचं बिल पण निघत नाही. त्याच्यावर चॅलेंजर, त्याच्यावर मेन टूर. आण्णांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, कुमार गटात पदक मारलेली पोरं खुल्या गटात आली की असंच हुतंय, तिथं वय बघून कोण सोडत नाही, गर्दनीवर हात पडला की कळतंय.

आणि इथं माझी जरा चिडचिड होते. आपल्याकडं पोरगं अंडर-फोर्टीन कायतरी जिंकलं की चौकात फ्लेक्स, त्याच्यावर खाली पंधरा जणांचे फोटो, पोराचा फोटो त्याहून लहान. शाल, नारळ, सत्कार. ते पोरगं अठराचं झालं, खरा खर्च आणि खरा मार चालू झाला की फ्लेक्सवाले गायब. सोळा ते एकोणीस ह्या वर्षांना फ्लेक्सच नाही आपल्यात.

मेन्शिकचं गाव प्रोस्त्येयोव, आपल्या जयसिंगपूरपेक्षा पण लहान. तिथं टेनिसचा मोठा क्लब आहे, क्विटोव्हा, बर्डिच असले मोठे खेळाडू तिथंच घडले. आख्ख्या देशाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, आणि २०२३ ला वोंड्रुसोव्हा, २०२४ ला क्रेचिकोव्हा, ओळीनं दोन वर्षं विम्बल्डन त्यांच्याच बायकांनी मारलं. कसं काय? मला वाटतं तिथं आपल्या तालमींसारखं आहे. गावागावात क्लब, क्लबाक्लबात लीगच्या मॅची, खुन्नस. बारक्या पोराच्या शेजारच्या कोर्टवर मोठा प्रो प्रॅक्टिस करतोय. आपल्याकडं पेठेपेठेत तालीम आणि तालमीची फुटबॉल टीम, शाहू स्टेडियमला मॅच असली की पेठेतलं बारकं पोरगं पण सांगतंय कोण फॉर्मात आहे. हेच आपल्याला टेनिसला नाही. भाच्याला त्याच्यापेक्षा चांगलं पोरगं खेळायला पाहिजे असेल तर पुणे गाठायचं. पेट्रोल, एंट्री फी, रॅकेटचं गटिंग आणि वर ताईचा प्रश्न, "पुढच्या वर्षी दहावी आहे, लक्षात आहे ना मामा-भाच्यांच्या?"

मायामीतला खरा किस्सा तर राहिलाच. पहिल्या मॅचआधी मेन्शिकचा गुडघा इतका दुखत होता की त्यानं माघार घ्यायचं ठरवलं होतं. कागद हातात घेऊन रेफरीकडं गेला तर रेफरी जेवायला गेलेला! म्हणून परत फिजिओकडं आला, त्यानं गुडघ्यावर जरा काम केलं, गोळी घेतली आणि उतरला कोर्टवर. मग ड्रेपरला हरवलं, फ्रिट्झला हरवलं, जोकोविचला हरवलं. रँकिंगमध्ये ५४ वा होता, थेट २४ वा झाला. बक्षीस सुमारे ११ लाख डॉलर. सगळं त्या रेफरीच्या जेवणावर. हे सांगितल्यावर आण्णा इतके हसले की चहा सांडला. ते त्याला अजून "मेणशिक" म्हणतात.

पण आण्णांच्या डोक्यात बसलंय ते व्हीलचेअरचं. गोळे येतातच कसे? बैठका कमी पडल्या, मीठ-पाणी कमी पडलं, दुसरं काय. मग दुसऱ्या दिवसापासनं भाच्याला पहाटे साडेपाचला उठवून बैठका चालू. पंधरा दिवसांत दोनशेवर नेल्या. पोरगं पण खुळं, आजोबांच्या नादानं मारतंय. मग कोचचा ताईला मेसेज आला, बैठका ताबडतोब बंद करा, वाढतं वय आहे, गुडघे जातील. ताईनं तो मेसेज आण्णांना वाचून दाखवला. आण्णा आज तिसरा दिवस आमच्याशी बोलत नाहीत, नातवाला मात्र रोज थंडाई करून देतात.